धोटा आणि प्रवाळ

परवा नातवाचा न्यू जर्सीहून फोन आला. त्याच्या काचेच्या टाकीतल्या प्रवाळाची एक बाजू पांढरी पडली म्हणे. मासे ठणठणीत! पंप मोठा, पण त्याचं तोंड एकाच दिशेला. दुकानदार म्हणाला, दोन पंप समोरासमोर लाव आणि आळीपाळीने चालव.

मला डिलाईल रोडची गिरणी आठवली. वडील साचाखात्यात होते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्रवाळाला पाणी अगदी तसंच लागतं. बिचारं जागेला चिकटलेलं. ऑक्सिजन आणि खाणं पाण्यानेच आणायचं, अंगावरची घाण पाण्यानेच न्यायची. एकाच बाजूने जोराची धार बसली की मांस सोलवटतं, आडोशाला गाळ साचतो. हल्लीचे हौशी लोक टाकीतलं पाणी ताशी वीस-तीस वेळा तरी फिरवतात.

लंडनच्या प्राणीबागेत १८५३ साली मत्स्यालय उघडलं. पुढे १८७१ साली तिथल्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम लॉइड या गृहस्थाने वाफेच्या इंजिनावर समुद्राचं पाणी अहोरात्र खेळवलं. धातूचं विष उतरू नये म्हणून पंप कडक रबराचे! मात्र घरात जिवंत प्रवाळ जगवण्याची सोपी युक्ती १९६१ साली मांडली ती जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे. बुडबुडे वर जाताना पाणी उचलतात, बस्स.

मी शाळेतल्या पोरांना तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचो. १९५१ साली उघडलेलं. पोरं काचेला नाक लावून बसायची. पण आपल्याच मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगणार कसा, मलाच ठाऊक नव्हतं! २०२० साली सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीच्या प्रवाळांच्या अठरा वसाहती दुसरीकडे हलवल्या, तेव्हा कळलं. डिलाईल रोडवरून वरळी ती केवढी लांब? आपल्याकडे २००१ पासून प्रवाळाला कायद्याने वाघाच्या पंगतीला बसवलंय, हेही मला तेव्हाच समजलं. तेव्हा नातेवाईक मंडळी, किनाऱ्यावरून उचलून घरी आणू नका हो!

असो. नातवाने दुसरा पंप लावलाय. काल फोटो आला. पांढरी बाजू अजून पांढरीच आहे.