गुंड्याभाऊचं काम

चि. वि. जोशींचा चिमणराव पुस्तकात आपली गोष्ट आपणच सांगतो. 1933च्या ‘चिमणरावाचे चऱ्हाट’पासून मराठी वाचक त्याच्या फजितीला जेवढा हसला, तेवढाच ती फजिती सांगताना त्यानं आणलेल्या शहाजोगपणाच्या आवाला हसला. माणूस भित्रा, पण सांगतो असं की जणू सगळं ठरवूनच केलं. म्हणजे विनोदाची निम्मी मदार प्रसंगावर आणि निम्मी सांगणाऱ्याच्या आवाजावर. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शननं या कथांची मालिका केली, तेव्हा हा आवाज मागे पडणं भागच होतं. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर पडद्यावर दिसत होते, पण चिमणराव स्वतःला काय समजतो आणि प्रत्यक्षात काय आहे, यातली तफावत आता दाखवायची कुणी? ते काम शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्यावर, गुंड्याभाऊवर आलं, म्हणजे बाळ कर्वे यांच्यावर. मराठी दूरचित्रवाणीतल्या सहायक विनोदी नटाचा इतिहास मला वाटतं तिथूनच मांडायला हवा.

ही जोडी पडद्यावर तेव्हा नवी नव्हती. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (1940) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पण चित्रपटाला सलग कथानक असतं आणि गोष्ट पुढे नेण्याचा भार तेच उचलतं. मालिकेत दर भागाला नवा घोळ आणि भाग संपता संपता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माणसं तीच राहतात, त्यामुळे प्रेक्षक खरं तर त्यांच्यातलं नातं बघायला बसतो. त्यातून पडदा लहान, चित्र काळं-पांढरं. दूरवरची दृश्यं अशा चौकटीत हरवतात, पण दोन माणसं शेजारी उभी केली तर ती चौकट नेमकी भरते. एकीकडे काटकुळा, टोपी सावरणारा, वाक्य अर्ध्यात गिळणारा चिमणराव. दुसरीकडे धिप्पाड, मिशाळ, हातात सोटा घेतलेला गुंड्याभाऊ. चिमणराव बोलत असताना प्रेक्षकाची नजर सोट्यावरच्या मुठीकडे जायची, आणि चिमणरावाच्या बोलण्याला किती किंमत द्यायची हे तिथं ठरायचं. पुस्तकात जे दोन ओळींच्या मधल्या जागेत होतं, ते इथं एका नटाच्या गप्प राहण्यात आलं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: श्रेय प्रभावळकरांचं, कर्वे नुसते सोबतीला. पुढच्या वाटचालीकडे पाहिलं तर हा आक्षेप पटतोही. प्रभावळकरांनी नंतर ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘हसवा फसवी’मधली सोंगं, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी, असा पल्ला गाठला. कर्वे यांनी ‘रथचक्र’, ‘सूर्याची पिल्ले’, ‘कुसुम मनोहर लेले’ अशा नाटकांतून आणि पुढे मालिकांतून कामं केली, तरी लोकांच्या तोंडी राहिला तो गुंड्याभाऊच. पण यातून दोघांच्या पुढच्या वाटा वेगळ्या होत्या एवढंच सिद्ध होतं. त्या मालिकेत कुणाचं वजन किती होतं, हे त्यावरून ठरत नाही. मालिकेच्या लोकप्रियतेवर 1979मध्ये चित्रपट निघाला, त्याचं नाव ‘चिमणराव गुंड्याभाऊ’. निर्मात्यांना दोन्ही नावांचा भाव कळत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका भूमिकेत अडकणं हे नटाचं दुर्दैव, त्याचं कसलं कौतुक? हल्लीच्या मापानं खरंच आहे, पण ते माप त्या काळाला लावता येत नाही. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. दूरदर्शनच्या मानधनावर तेव्हा कुणाचं घर चालत नव्हतं, आणि ते चालेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. मुंबईच्या रंगभूमीवर नोकरदार नटांची एक अख्खी पिढी होती. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत. दिवसा मस्टरवर सही, संध्याकाळी तालीम. यातल्या काहींनी नोकरी सोडून उडी घेतली, बरेच जण घेऊ शकले नाहीत किंवा त्यांनी ती घेतलीच नाही. पगार ठरलेला असल्यामुळे अशा नटाला प्रत्येक कामातून स्वतःला पुढे रेटण्याची निकड नसते. दुसऱ्याच्या वाक्याला जागा देणं त्याला परवडतं. यात नोकरीचं उदात्तीकरण करायचं नाही. मस्टरपायी कितीतरी चांगली कामं हातची गेली असतील. पण गुंड्याभाऊसारखी मागे राहून तोलणारी भूमिका या व्यवस्थेत चांगली रुजली, एवढं म्हणता येतं.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. त्या मालिकेचे फार थोडे भाग आज पाहायला मिळतात. त्या काळी टेप महाग, जुन्यावर नवं चित्रित करण्याची रीत होती. मग हे सगळं एकच वाहिनी असलेल्या दिवसांच्या आठवणींचे कढ काढणं नाही कशावरून? शंका रास्त आहे. एकच वाहिनी होती म्हणूनच ही जोडी घरोघरी पोचली, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच एकुलत्या वाहिनीवर त्या वर्षांत पुष्कळ चेहरे येऊन गेले आणि बहुतेकांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. वाहिनी एकच होती यावरून लोकांनी पाहिलं का, याचं उत्तर मिळतं. काय लक्षात ठेवलं, याचं मिळत नाही.

खासगी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका सुरू झाल्या, आणि चित्रीकरण दिवसदिवस चालू लागलं. ऑफिस सांभाळून सेटवर येणाऱ्या माणसाला तिथं जागा उरली नाही. सहायक नटसुद्धा आता पूर्णवेळचा आणि महिन्याच्या तारखांना बांधलेला. ‘वहिनीसाहेब’सारख्या मालिकांत बाळ कर्वे दिसले, पण तोवर नोकरीचा प्रश्न मागे पडला होता, वयानं ते निवृत्तांत जमा होते. 21 ऑगस्ट 2025 रोजी, वयाच्या 95व्या वर्षी ते गेले, तेव्हा बातम्यांच्या मथळ्यांत त्यांच्या नावाआधी गुंड्याभाऊ होता.