तगर नगराची पांढरी

मराठवाड्यांतील जुन्या गांवांत जमिनीला दोन नांवें आहेत. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरें उभीं राहतात ती पांढरी. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नवें घर उठतें. चुलींतील राख, गोठ्यांतील शेण, फुटकीं गाडगीं तेथेंच मुरतात. आणि शेंकडों वर्षांनीं गांवाच्या पायाखालीं एक टेकाड तयार झालेलें असतें. त्या टेकाडाच्या थरांत गांवाचा सारा पूर्वेतिहास सांठलेला असतो. तो राखावा कसा व राखावा कोणीं, हा प्रश्न ज्या गांवांनीं विद्वानांपुढें टाकला त्यांत धाराशिव जिल्ह्यांतील, तेरणा नदीच्या कांठचें तेर हें गांव प्रमुख आहे.

वारकऱ्यांना तें गोरोबाकाकांचें तेर म्हणून ठाऊक आहे. इतिहासकार त्याला तगर म्हणून ओळखतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तींत भृगुकच्छापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर असल्याचें म्हटलें आहे. तेथून जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भृगुकच्छाच्या बंदरास जात असे. पुढें शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. परंतु हें नगर कोठें होतें याचा विसर पडला. कोणी दौलताबाद म्हटलें, कोणी जुन्नर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं धारूरचें नांव सुचविलें. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर असें प्रतिपादन केलें, आणि त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनीं गांवांतील जुन्या इमारतींची पाहणी केली.

कझिन्स यांच्या दृष्टीस पडलेलें त्रिविक्रमाचें मंदिर विटांचें आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून छपराचा आकार हत्तीच्या पाठीसारखा आहे. डोंगर खोदून केलेल्या चैत्यगृहांत जो आकार दिसतो तोच येथें विटांत बांधलेला आढळतो. मूळची ही वास्तु बौद्धांची असावी, असा तर्क कझिन्स यांनीं केला. ती टिकली याचें कारण सरकारी पाहणी नव्हती. गाभाऱ्यांत देव होता, देवापुढें दिवा लागत होता, म्हणून पडलेली वीट कोणीतरी पुन्हां बसवीत राहिलें.

पांढरीच्या टेकाडांत मात्र देव नव्हता. मराठवाड्यांतील धाब्याच्या घरांचीं छपरें पांढऱ्या मातीनें लिंपतात. तिला पाणी अडविण्याचा गुण आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तीच माती शेतांत टाकण्याजोगें खत होय. अशा गरजेपोटीं जुन्या गांवांचीं टेकाडें टोपलीटोपलीनें खोदलीं गेलीं. त्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. आपल्या गांवची माती आपण वापरतों, एवढीच भावना होती. पाऊस पडून गेला कीं उघड्या पडलेल्या कडांतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणीं, मातीचीं चित्रें वर येत. मुलें तीं खेळावयास नेत. नाणें सोनाराकडे जाई.

कायदा होता, परंतु त्याची नजर निराळी होती. इंग्रजी मुलखासाठीं १८७८ सालीं केलेल्या निधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास तें सरकारास कळविणें बंधनकारक केलें. १९०४ च्या कायद्यानें प्राचीन इमारतींना संरक्षण दिलें. तेर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. तेथें पुराणवस्तुखातें १९१४ सालीं स्थापन झालें. परंतु मातीच्या बाहुलीचें मोल दहा रुपये कोण ठरविणार? आणि जमिनीखालचें नगर इमारत म्हणून कोणाच्या नजरेस येणार?

ही उणीव तेरच्या एका रहिवाशानें आपल्या परीनें भरून काढली. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. इतरांनीं टाकून दिलेलें त्यांनीं उचललें: पांढऱ्या शाडूच्या व भाजल्या मातीच्या मूर्ती, दगडी मणी, नाणीं, हस्तिदंताचें कोरीव काम. हा संग्रह हजारोंच्या घरांत गेला, आणि आज तेरमध्येंच त्यांच्या नांवानें शासकीय वस्तुसंग्रहालय उभें आहे. वस्तू ज्या गांवच्या त्या गांवींच राहिल्या, असें भाग्य फार थोड्या प्राचीन नगरांना लाभलें आहे.

तरीहि या उपकाराला एक मर्यादा होती, आणि ती त्या संग्रहांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीवरून ध्यानांत येते. तिच्याशीं बरेंच साम्य असलेली एक मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वींची, हें निर्विवाद आहे. तेरच्या मूर्तीला असा साक्षीदार नाहीं. ती कोणत्या थरांत होती, शेजारीं कोणतें नाणें वा खापर होतें, हें आतां कळण्याचा मार्ग उरला नाहीं. तिचा काळ ठरवावयाचा तर दूरच्या पाँपेईचा आधार घ्यावा लागतो. १९७३ सालीं भोकरदनच्या उत्खननांत त्याच जातीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. तो भग्न असला तरी त्याला स्वतःचा थर आहे, म्हणून त्याची साक्ष अधिक वजनदार ठरते.

याचा अर्थ लामतुरे चुकले असा नाहीं. त्यांनीं न उचलल्या असत्या तर त्या वस्तू राहिल्याच नसत्या. परंतु वस्तु वांचविणें आणि तिची जागा वांचविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. १९५८ सालीं चापेकर यांनीं तेर येथें शास्त्रोक्त उत्खनन केलें, तें या दुसऱ्या कामासाठीं. अशा उत्खननांत फुटक्या खापराला सोन्याच्या नाण्याइतकाच मान असतो. आंतून काळें व बाहेरून तांबडें खापर दिसलें कीं तो थर सातवाहनकाळाच्या आसपासचा असावा, असा अंदाज बांधतां येतो. गोरोबांच्या गांवीं कुंभाराचें मडकेंच काळाचें माप व्हावें, हा योगायोग मनोहर आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदेहि वाढले. केंद्राचा १९५८ चा कायदा व महाराष्ट्राचा १९६० चा कायदा यांनीं इमारतींबरोबर जमिनीखालचीं स्थळेंहि संरक्षणाखालीं आणलीं; १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तूंच्या व्यापारावर बंधन घातलें. परंतु संरक्षित स्थळाची हद्द नकाशावर आंखतां येते. जुनें नगर त्या हद्दींत मावेलच असें नाहीं. तें आजच्या घरांखालीं, गल्ल्यांखालीं, शेतांखालीं पसरलेलें असतें. राहत्या गांवाला कुंपण घालतां येत नाहीं, आणि घर बांधूं नका असें माणसांना सांगणेंहि न्याय्य नाहीं.

म्हणून अशा गांवाची खरी पाहणी वर्षांतून एकदां येणाऱ्या अधिकाऱ्यावर सोंपवून भागत नाहीं. टेकाडें कोणत्या सर्व्हे नंबरांत आहेत याचा नकाशा ग्रामपंचायतींत असावा. पाया खणतांना किंवा विहीर उतरतांना जुन्या विटांची भिंत लागली, तर माती पुढें उपसण्यापूर्वीं तिची खोली मोजावी, छायाचित्र घ्यावें, खात्यास कळवावें. सांपडलेल्या मण्याबरोबर तो कोणाच्या शेतांत, किती हात खालीं मिळाला याची चिठ्ठी असावी. हें काम विद्वानाच्या आधीं गवंड्याचें, विहीर खणणाऱ्याचें आणि शाळामास्तरांचें आहे. कारण पांढरींत पहिली कुदळ त्यांच्यासमक्ष पडते. लामतुऱ्यांनीं एकट्यानें वस्तू राखल्या. त्या कोठें मिळाल्या हें लिहून ठेवणें साऱ्या गांवाला करतां येण्याजोगें आहे.