पटावरील खंदक



पटावर लढाई मांडून सेनानायकांना शिक्षण देण्याची पद्धत प्रशियांत रूढ झाली. राइस्विट्झ नांवाच्या लेफ्टनंटानें १८२४ सालीं तिचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सोंगट्या, हानि ठरविण्यास फासे, निर्णय देण्यास पंच, आणि प्रत्येक खेळी दोन मिनिटांची, अशी ती व्यवस्था होती. आज असले डाव संगणकावर रंगतात; माझा नातूहि त्यांत निष्णात आहे. त्याच्या खेळांत सैन्य खंदकांत उतरलें कीं त्याचें बळ दीडपट होतें, आणि तेवढ्यावर खंदकाचें प्रकरण संपतें. या सोयीच्या नियमास माझी हरकत आहे.

उत्तर फ्रान्समधील न्यव्ह शापेल या खेड्याची हकीकत पाहा. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं शीख पलटणीबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या त्या खेड्यांत शिरल्या व घराघरांतून झुंजल्या. परंतु पाठीमागून कुमक न आल्यामुळें मोठी हानि सोसून त्यांना परतावें लागलें.

पुढें १० मार्च १९१५ रोजीं सकाळीं साडेसातला ब्रिटिश तोफांनीं ३५ मिनिटें भडिमार केला. ती भूमि इतकी पाणथळ कीं खोल खणतांच येत नसे. जर्मनांचा खंदक म्हणजे बहुतांशीं मातीच्या पोत्यांची भिंतच होती. ती ढासळली, आणि नऊच्या सुमारास खेडें हातीं आलें. गढवाली शिपाई गबरसिंग नेगी यानें खंदकाचें एकेक वळण लढून मोकळें केलें व तेथेंच देह ठेवला. उलट, जेथें तोफा उशिरां आल्यामुळें नेम बसला नाहीं, तेथें काटेरी तार अभंग राहिली आणि मशीनगननें हल्लेखोरांच्या रांगाच्या रांगा कापल्या. मग दीडपट ही संख्या कोठें लावावयाची?

खरी अडचण विजयानंतर उद्भवली. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, हुकूम पायीं जाणार. पुढील मोठा हल्ला दुपार उलटल्यावर झाला. राइस्विट्झच्या पटावर पांच तास म्हणजे दीडशें खेळ्या! तेवढ्या अवधींत जर्मनांनीं मागें नवी फळी उभी केली. १३ तारखेस लढाई थांबली, तेव्हां ब्रिटिश बाजूचे सुमारे ११,६०० लोक मृत, जखमी वा बेपत्ता होते. त्यांतील सुमारे ४,२०० हिंदी सैन्याचे. लाभ सुमारे एक किलोमीटर भूमीचा.

सेनापतींनीं यांतून मुख्यतः अधिक गोळ्यांचा धडा घेतला. १९१६ सालीं सोमच्या परिसरांत सात दिवस भडिमार चालला, शत्रूस सूचना मिळाली, आणि १ जुलैच्या एका दिवसांत ५७,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक कामास आले किंवा जायबंदी झाले. एका चुकीच्या गणिताची ही किंमत आहे.

म्हणून नियम करणारानें खंदकास बळाच्या गुणाकाराऐवजीं वेळेचें मोल द्यावें. तार तुटली असेल तर पहिली रांग पडूं द्यावी. नसेल तर सोंगटी तेथेंच खिळवावी. आंत शिरलेल्या सोंगटीस कित्येक खेळ्या नवा हुकूम पोंचूं नये. जिंकलेल्या खंदकाचें तोंड उलट्या बाजूस असतें, तेव्हां त्याचा पुरता आडोसाहि तिला लगेच मिळूं नये. बचाव करणाराची राखीव फौज मात्र या अवकाशांत हलावी. तिनें उलट हल्ला केल्यास तिच्याहि वांट्यास शत्रूचा नवा खंदक यावा, जसा १२ मार्चच्या पहांटे जर्मनांच्या वांट्यास आला.