हयातीचा दाखला

इतिहास या विषयाशी माझा संबंध शाळेतच संपला होता, आणि तो दोन्ही बाजूंच्या संमतीने संपला होता. पुढे मी कॉमर्सला गेलो. तिथे भूतकाळ म्हणजे मागील शिल्लक. ती एका ओळीत पुढे ओढली की काम झाले. असा मी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हरिश्चंद्रगडावरच्या देवळात गुडघे टेकून दगडावरची अक्षरे बोटाने चाचपत बसलो होतो. आमच्या शाखेतल्या कुणी पाहिले असते तर आधी सौ.ला फोन केला असता आणि मग डॉक्टरला.

याचे मूळ माझ्या बदलीत आहे. बदली राजूरला झाली. गणपतीचे राजूर ते हे नव्हे, ते जालना जिल्ह्यात. हे अकोले तालुक्यातले, पेढ्यांचे आणि डांगी बैलांचे राजूर. जाण्यापूर्वी गावाची माहिती काढावी म्हणून विचारपूस केली, तर पहिलेच नाव निघाले राघोजी भांगरे यांचे. या डोंगरात त्यांनी इंग्रज सरकार आणि सावकार या दोघांविरुद्ध बंड केले, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या बंडात सावकारांची नाके कापल्याच्या हकीकती मला एकाने फारच रंगवून सांगितल्या. मी कर्ज विभागात काम करतो. रुजू होताना मी नाकाला हात लावून पाहिला.

पण राजूरच्या लोकांनी नाकाला धक्का लावला नाही. जे काय झाले ते अंगठ्यावरून झाले.

नोव्हेंबर महिना म्हणजे बँकेत पेन्शनरांची जत्रा. प्रत्येकाने येऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे. पूर्वी समोर येऊन सही केली की भागत असे. आता अंगठ्याचे यंत्र आहे. त्या यंत्रासमोर एक म्हातारबाबा बसले होते. वनखात्यातले निवृत्त चौकीदार, गाव गडाच्या पायथ्याला. उजवा अंगठा लावला, लाल दिवा. डावा लावला, लाल दिवा. उभ्या जन्मात कुऱ्हाड, दगड आणि नांगर धरून अंगठ्यावरच्या रेघा पार झिजल्या होत्या. अंगठा कसला, नदीतला गोटा होता तो.

"बाबा, पुन्हा या. तेल लावून बघा," मी म्हटले.

"सायेब, ही तिसरी खेप. एस्टीचं भाडं पेन्शनीतूनच जातंय. मी हितं बसलोय न्हवं तुमच्या म्होरं?"

"तुम्ही आहात हो. पण यंत्राला तसं वाटत नाही."

यावर बाबा रागावतील असे वाटले होते. ते हसले. म्हणाले, "मग आमच्या गडावरल्या चांगदेवाचं बरं. चौदाशे वर्सं जगला, कुनी दाखला मागितला न्हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. कारण चौदाशे वर्षांचा पेन्शनर ही कल्पनाच कुठल्याही बँकेला घाम फोडणारी आहे.

घरी गेल्यावर मी पुस्तके काढली. (पुस्तके शाखेतल्या एका हौशी सहकाऱ्याची. मी फक्त धूळ झटकली.) चांगदेव म्हणजे वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले आणि भिंत चालत सामोरी आलेली पाहून वाघावरून उतरलेले ते योगी, एवढे आपल्याला कीर्तनातून माहीत असते. भेटीआधी त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र पाठवले. मायना काय लिहावा कळेना, म्हणून कोराच कागद पाठवला. त्याचे उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी. कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर! आमच्याकडे तीन प्रतींत भरलेल्या अर्जालाही एका ओळीचे उत्तर जात नाही.

चौदाशे वर्षांचे गूढ अभ्यासकांनी सोडवायचा यत्न केला आहे. चांगदेव नावाचे एकाहून अधिक पुरुष झाले असावेत, गुरूमागून शिष्य तेच नाव चालवीत असावेत, असे काहींचे म्हणणे. म्हणजे मूळ खातेदार गेल्यावर वारसाने बँकेला न कळवता त्याच नावाने खाते चालू ठेवणे. ही युक्ती आमच्या खातेदारांना ठाऊक आहे. ती योग्यांनाही ठाऊक होती हे नवीन कळले.

पण खरा धक्का पुढे बसला. चांगदेवांच्या 'तत्त्वसार' या ग्रंथात हरिश्चंद्र पर्वताचा उल्लेख आहे, तिथल्या मंगळगंगेचा आहे आणि चक्क तारीख आहे: शके १२३४, परिधावी संवत्सर. म्हणजे इसवी सन १३१२. आता तारीख दिसली की ती तपासल्याशिवाय मला जेवण जात नाही. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचे, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १२४६ भागिले ६०, बाकी ४६. सेहेचाळिसावा संवत्सर कोणता? परिधावी! माझ्या नोकरीत पहिल्याच बेरजेला जुळलेला हा एकमेव हिशेब, आणि तोही दुसऱ्याच्या चोपडीतला.

पुढच्या रविवारी मी जीपने पाचनईला उतरलो. बाबा घराच्या ओट्यावर बसले होते.

"गडावं? चला की," म्हणाले आणि उठलेच.

मी त्यांच्या वयाचा विचार करून नको म्हणणार होतो. पहिल्याच चढावर कुणी कुणाच्या वयाचा विचार करायचा हे स्पष्ट झाले. हा म्हातारा अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे. पाचनईची वाट गडाच्या वाटांत सोपी म्हणतात. म्हणणारे खाली उभे राहून म्हणत असावेत. एका बाजूला कातळाचा कपाळपट्टा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ, आणि वर झाडी. बाबा अधूनमधून थांबत, हिरड्याचे झाड दाखवीत, म्हणजे मला श्वास घ्यायला सवड देत. हे सारे १९८६ पासून अभयारण्य आहे. या रानात बाबांनी नोकरीची सारी वर्षे काढली. "झाड वळखू येतं, पन झाडालाबी आपून वळखू येतो," म्हणाले. यंत्राचा विषय मीच टाळला.

झाडी संपते आणि देऊळ एकदम समोर येते. कुणी हाक मारल्यासारखे आपण थांबतो. सुमारे १६ मीटर उंच, काळ्या दगडाचे, नखशिखांत कोरलेले. भोवती लेणी, थंड पाण्याची टाकी, शेजारून मंगळगंगेचा ओहोळ. शिलाहारांपैकी झंज राजाने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली, त्यांतले हे एक असे मानतात. रतनवाडीचे अमृतेश्वर दुसरे, तिथे प्रवरेचा उगम. डोंगरात बारा शाखा उघडल्या आणि एकाही ठिकाणी ग्राहक मिळेल का याची पाहणी केली नाही! पूर्वेला पुष्करणी आहे. तिच्या काठच्या कोनाड्यांतल्या विष्णूच्या मूर्ती तिथून हलवल्या आहेत. किल्ला १७४७-४८ मध्ये मोगलांकडून मराठ्यांकडे आला, मग इंग्रजांकडे. देवळाला त्याचे काही वाटलेले दिसत नाही.

मी शिलालेख शोधू लागलो. या देवळात आणि लेण्यांत लेख आहेत, त्यांत चांगदेवांचे नाव येते, एवढे वाचून आलो होतो. सापडला एक. गुडघे टेकले, चष्मा पुसला, बोट फिरवले. पावसाने आणि हातांनी अक्षरे अशी गुळगुळीत झालेली की एक काना लागला तर मात्रा लागेना. अर्धा तास गेला. बाबा मागे उकिडवे बसून पाहत होते.

"याचाबी अंगठा उठंना म्हना की," ते म्हणाले.

मला हसू आले नाही. घाईघाईने उठलो आणि केदारेश्वर कुठे आहे, ते विचारले.

केदारेश्वराच्या गुहेत बर्फासारखे कमरेइतके पाणी आहे आणि मध्ये पुरुषभर उंचीचे लिंग. बाबा सरळ उतरून प्रदक्षिणा घालून आले. मी गुडघ्यापर्यंत उतरलो, देवाचे नाव मोठ्याने घेतले आणि परत आलो. लिंगाभोवती चार खांब होते, त्यांतले तीन तुटले आहेत. चार खांब म्हणजे चार युगे. शेवटचा पडला की जग संपणार, अशी समजूत. मी बाबांना जपानची गोष्ट सांगितली. तिथे ईसे नावाच्या ठिकाणी दाट रानात देऊळ आहे, लाकडाचे. दर वीस वर्षांनी ते शेजारच्या जागेवर नवे बांधतात, जुने उतरवतात. इ.स. ६९० पासून चालले आहे; २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधले.

बाबांनी विचार केला. "म्हंजी त्या देवालाबी दर वीस वर्सांनी दाखला द्यावा लागतो."

कोकणकड्यावर जाऊन आलो. इथूनच साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ढगावर उमटलेले वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्यात आपली सावली पाहिली. १८३५ साली ते छापून आले. तो सरकारचा आकडेवारी गोळा करणारा माणूस होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. आम्हाला ढग नव्हते. खाली पाहिल्यावर माझे पाय आपणहून मागे आले.

सोमवारी मी कपाटातून छापील फॉर्म काढला. तो अजून चालतो. फक्त यंत्राची टक्केवारी वर पाठवायची असल्याने त्याची कुणाला आठवण होत नाही. साहेबांपुढे ठेवला.

"यंत्र नाही म्हणतंय ना? उद्या चौकशी आली तर?"

"माझी सही आहे, साहेब. जबाबदारी माझी."

"तुम्ही स्वतः पाहिलंत यांना?"

"पाहिलं ना. रविवारी चार तास," मी म्हटले. "पण बहुतेक वेळ पाठमोरे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, फॉर्मकडे पाहिले आणि पेनाचे टोपण काढले. बाबा बाकावर बसून पुडीतला पेढा मोडत होते, त्याचे तीन तुकडे कसे करावेत या विवंचनेत.