धावत्या खेळाडूवर ठरणारे भिंग

बंदिस्त सभागृहात चाललेल्या कबड्डीच्या किंवा बॅडमिंटनच्या सामन्याचे छायाचित्र आपण वर्तमानपत्रात नेहमी पाहतो. चढाईला गेलेला गडी हवेत झेपावलेला आहे, त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब वेगळा दिसतो आहे, आणि मागची गर्दी मात्र धुक्यात गेल्यासारखी पुसट. आपण क्षणभर पाहतो नि पान उलटतो. पण हे चित्र घेणे एके काळी किती अवघड होते, आणि ते आजच्याइतके सोपे कसे झाले, याची हकिकत मोठी रंजक आहे. तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. भर दुपारी उघड्या मैदानावर जेवढा उजेड असतो, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही उजेड साध्या सभागृहात नसतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळा झटकन जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र ते लगेच कळते. त्यातून खेळाडू काही आपल्यासाठी थांबत नाही. त्याचा हात फराटा न होता स्वच्छ उमटायचा, तर कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, सेकंदाचा पाचशेवा किंवा हजारावा भागच उघडी ठेवावी लागते. एवढ्या अवधीत पुरेसा प्रकाश आत यायचा कसा? पावसात तांब्या ठेवला आणि शेजारी परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल हे सांगायला नको. भिंगाचेही तसेच. तोंड रुंद पाहिजे. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आणि ‘एफ १.८’ क्रमांकाच्या लेन्सचे तोंड किती, हे शाळेतला मुलगाही काढील: २०० भागिले १.८, म्हणजे सुमारे १११ मिलिमीटर. जेवणाच्या वाटीपेक्षा मोठे! नाभीय अंतर कमीजास्त करता येणाऱ्या झूम लेन्सला इतके रुंद तोंड देणे फार जड आणि महाग पडते. म्हणून सभागृहातले फोटोवाले एकाच नाभीय अंतराच्या लेन्सला, जिला ते ‘प्राइम’ म्हणतात तिला, चिकटून राहिले.

आता तुम्ही म्हणाल, मग झाले की काम! नाही, इथेच खरी मेख आहे. तोंड जितके रुंद, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. १३५ मिलिमीटर, एफ २ ची लेन्स घेऊन आठ मीटरवरच्या खेळाडूचे चित्र घेतले, तर हातभर, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर जाडीचा पट्टाच स्वच्छ येतो. त्याच्या पुढचे नि मागचे सगळे अंधुक. आणि धावणारा गडी सेकंदाला पाच-सहा मीटर जातो. म्हणजे तो हातभर पट्टा ओलांडायला त्याला सेकंदाचा बारावा-पंधरावा भाग पुरे. माणसाच्या बोटांनी भिंग फिरवून हे कसे साधावे?

जुन्या लोकांनी दोन वाटा काढल्या होत्या. पहिली वाट प्रकाश बरोबर नेण्याची. अमेरिकेत मेन राज्यातल्या लुइस्टन गावी २५ मे १९६५ रोजी महंमद अली आणि सोनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली, तीही हॉकीच्या एका बंदिस्त मैदानात. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचे नील लायफर यांनी घेतलेले रंगीत चित्र जगभर गाजले. त्यासाठी रिंगणाच्या वर विजेचे मोठे झगमगाटी दिवे टांगले होते. असा दिवा एकदा लखलखला की पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणजे एक क्षण, एक चित्र. चुकले तर चुकले. त्या चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेला दुसरा एक फोटोवाला दिसतो. बिचारा चुकीच्या बाजूला बसला होता! पण दिवे टांगायची परवानगी प्रत्येक खेळात मिळत नाही. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धांत फ्लॅश मारायला मनाई असते, आणि ते योग्यच आहे. डोळे दिपले तर खेळाडूने फूल मारायचे कसे? जाता जाता सांगतो, या खेळाचे एक जुने नाव ‘पूना’ असे होते, कारण इंग्रज अधिकारी तो आपल्या पुण्याच्या छावणीत खेळत.

दुसरी वाट होती ती दबा धरून बसण्याची. खेळाडू कुठे येणार हे ओळखून त्या जागी आधीच फोकस लावून ठेवायचा, आणि तो तिथे आला की कळ दाबायची. बास्केटबॉलमध्ये टोपलीखालची जागा ठरलेली असते, तिथे हे जमे. खेळ जाणणारा माणूस असेल तर उत्तम चित्रे मिळत. पण खेळाडू भलतीकडे वळला की फिल्म वाया.

भिंगाने आपले आपण खेळाडूवर ठरावे, ही कल्पना यंत्रात यायला खूप वर्षे लागली. तिच्या मुळाशी असलेली युक्ती मात्र चारशे वर्षांची जुनी आहे. क्रिस्टोफ शायनर नावाचे एक जेझुइट पाद्री होते. सूर्यावरच्या डागांवरून ज्यांचा गॅलिलिओशी वाद झाला, तेच हे. १६१९ साली त्यांनी डोळ्यावर एक ग्रंथ छापला. त्यात त्यांनी दाखवले की जाड कागदाला जवळजवळ दोन भोके पाडून ती डोळ्यापुढे धरली, तर ज्या अंतरावर डोळा ठरला आहे तिथली सुई एक दिसते. इतर अंतरावरची सुई मात्र दोन दिसतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. एक साधे बहिर्गोल भिंग घ्या. त्यावर पुठ्ठा लावून पुठ्ठ्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे भोक पाडा. खोलीत अंधार करून समोर दूर मेणबत्ती ठेवा आणि भिंगामागे पांढरा कागद धरा. कागद बरोबर जागेवर असला तर ज्योत एकच दिसेल. तो पुढेमागे सरकवा, लगेच दोन ज्योती होतील. आता खरी गंमत. कागद भिंगाच्या फार जवळ असेल आणि तुम्ही डावे भोक बोटाने झाकले, तर डावीकडची ज्योत नाहीशी होते. कागद फार लांब असेल, तर डावे भोक झाकल्यावर उजवीकडची ज्योत जाते, कारण तोवर किरण एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. म्हणजे नुसते ‘चुकले’ एवढेच कळत नाही, तर कुठल्या बाजूला चुकले आणि किती चुकले हेही एका नजरेत कळते. ज्योतींमधले अंतर जितके जास्त, तितकी चूक मोठी.

खेळाच्या कॅमेऱ्याची स्वयंचलित फोकसयंत्रणा हेच करते. भिंगाच्या दोन कडांतून आलेली दोन चित्रे बारीक विद्युत्-पट्ट्यांवर पाडायची, त्यांतले अंतर मोजायचे, आणि तेवढे भिंग फिरवायचे. पट्टीला पकडायला काही रेघ, काही कड मात्र लागते. कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर हे यंत्र गोंधळते. सदऱ्यावर क्रमांक असला की बरे.

जर्मनीच्या लाइट्झ कंपनीने, म्हणजे लायका कॅमेरावाल्यांनी, १९६० नंतर या विषयात अनेक पेटंटे घेतली आणि १९७६ साली कोलोनच्या प्रदर्शनात असा कॅमेरा मांडलाही. पण तो बाजारात काही आणला नाही. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने हनीवेल या अमेरिकन कंपनीचे यंत्र बसवून आपोआप फोकस करणारा छोटा घरगुती कॅमेरा काढला. पुढे १९८१ साली पेंटॅक्सने आणि १९८३ साली निकॉनने मोठ्या कॅमेऱ्यांत प्रयत्न केले. निकॉनने तर ८० आणि २०० मिलिमीटरच्या दोन खास लेन्सही दिल्या. कौतुक झाले, पण खेळाच्या कामाला ते यंत्र पुरे पडेना.

१९८५ साली मिनोल्टाचा ‘७०००’ हा कॅमेरा आला आणि बाजार हलला. त्यात मोटर कॅमेऱ्याच्या पोटात होती, आणि पेचकसाच्या टोकासारखा दांडा लेन्सच्या बुडातल्या खाचेत बसून तिला फिरवी. पुढे हनीवेलने पेटंटावरून मिनोल्टाला कोर्टात खेचले, आणि १९९२ साली मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. असो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा दांडा लहान लेन्सना ठीक होता. वाटीपेक्षा रुंद तोंडाची, दोन-तीन किलोची लेन्स फिरवताना तो धापा टाकू लागे. एका पेचकसाने बैलगाडीचे चाक फिरवण्यासारखेच ते!

इथे कॅनन कंपनीने जो निर्णय घेतला, त्यावर फोटोवाल्यांत कितीतरी दिवस भांडणे झाली. मार्च १९८७ मध्ये तिने ‘ईओएस’ नावाची नवी पद्धत आणली. प्रत्येक लेन्समध्ये तिची स्वतःची मोटर, आणि कॅमेरा व लेन्स यांच्यात दांडा नाही, फक्त विजेच्या तारांची बोलणी. पण त्यासाठी लेन्स बसवायची खोबणच बदलली. १९७१ पासून लोकांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या कॅननच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. ज्याची रोजची भाकरी त्या पेटीवर चालते, त्याला हे किती लागले असेल! निकॉनने १९५९ ची आपली खोबण सांभाळली, आणि जुन्या गिऱ्हाइकांशी इमान राखले. मला विचाराल तर माणुसकी निकॉनकडे होती, पण यंत्राचे शहाणपण त्या वेळी कॅननकडे होते.

कारण त्याच वर्षअखेर कॅननने ३०० मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स काढली, आणि तिच्यात जगात प्रथमच श्राव्यातीत कंपनांवर चालणारी मोटर होती. ही मोटर मोठी नामी आहे. तिच्यात ना दाते, ना चाके. एका धातूच्या कड्याला विशिष्ट सिरॅमिकचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यांना वीज दिली की ते सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा थरथरतात, आणि त्या थरथरीची एक लाट कड्यावरून गोल फिरत राहते. वर ठेवलेले दुसरे कडे त्या लाटेवरून घर्षणाने सरकते. आवाज नाही, आणि वीज तोडताच ते जागच्या जागी थांबते. अशा मोटरचा पाया जपानच्या तोशिइकु साशिदा यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घातला होता.

१९८८ साली आली ती २०० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स. वजन तीन किलो. पण सभागृहातल्या खेळांसाठी ती फोटोवाल्यांची लाडकी ठरली. एफ २.८ च्या लेन्सपेक्षा ती जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. जिथे सेकंदाच्या चारशेव्या भागावर थांबावे लागे, तिथे हजारावा भाग हाती येतो.

पण नुसते रुंद तोंड आणि चांगली मोटर असून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅननचीच ८५ मिलिमीटर, एफ १.२ ची लेन्स १९८९ साली आली. चित्र इतके देखणे की पाहत राहावे. पण फोकस करताना तिला काचेचा जाडजूड गठ्ठा पुढेमागे न्यावा लागतो, आणि धावता गडी तोवर निघून जातो. उलट १९९२ ची ८५ मिलिमीटर, एफ १.८ ही सव्वाचारशे ग्रॅमची साधी लेन्स आतली थोडी काच हलवून चटकन ठरते. १९९६ ची १३५ मिलिमीटर, एफ २ ही लेन्सही तशीच, पाऊण किलोची आणि चपळ. कबड्डीच्या तेरा मीटर लांबीच्या मॅटशेजारी बसणाऱ्याने देखणी पण सुस्त लेन्स घेण्यापेक्षा ही साधी घ्यावी, आणि राहिलेल्या पैशात प्रवासखर्च भागवावा.

आणखी एक अडचण उरली होती. कळ दाबल्यावर आतला आरसा उडून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा दहावा-विसावा भाग जाई, आणि तेवढा वेळ कॅमेरा आंधळा असे. तेवढ्यात गडी पट्ट्याबाहेर! १९८८ साली मिनोल्टाने आणि निकॉनने यावर तोड काढली. खेळाडूचा वेग आधीच्या मोजमापांवरून ताडून, शटर उघडेल तेव्हा तो कुठे असेल तिथे भिंग नेऊन ठेवायचे. पळत्या सशाच्या पुढे दगड मारावा तसे. मोटारीसुद्धा निकॉनने अखेर लेन्समध्ये घातल्या, १९९२ साली. आणि १९९६ पासून त्यांनाही श्राव्यातीत मोटर दिली. तोवर बरेच फोटोवाले कॅननच्या पांढऱ्या लेन्सांकडे गेले होते.

पुढचे भराभर सांगतो. फिल्म गेली, आणि २००७ सालच्या निकॉन डी-३ ने थोड्या उजेडातही स्वच्छ चित्रे देऊन रुंद तोंडाच्या लेन्सची निकड थोडी कमी केली. २०१३ साली कॅननने चित्र टिपणाऱ्या पटलावरच प्रत्येक ठिपक्याचे दोन भाग केले. शायनरांची दोन भोके आता लाखोंनी झाली म्हणायची. आरशाची गरजच सरली. २०१७ च्या सोनीच्या कॅमेऱ्यात ६९३ फोकसबिंदू होते, सेकंदाला वीस चित्रे निघत, आणि त्यांच्या मधे कॅमेरा आंधळा होत नसे. आज कॅमेरा खेळाडूचा डोळा ओळखून त्यावर नजर ठेवतो.

तरी कबड्डी त्याला अजून फसवते. चढाईवाल्याला पाचसहा जणांनी पकडले, हातापायांचा ढीग झाला, तर यंत्र जो चेहरा जवळ दिसेल तो धरते. आणि तो बहुधा पकड करणाऱ्याचा असतो. आपल्याला तर हवा असतो मध्यरेषेकडे ताणलेल्या बोटांचा फोटो. अशा वेळी जाणते फोटोवाले सगळी स्वयंचलित यंत्रणा बंद करतात, मध्यरेषेवर हाताने फोकस लावतात, आणि बोटे येण्याची वाट पाहतात.