तंबाखू नियंत्रणाचे कायदे आणि युवकांमधील आरोग्यविषमता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : स्वतंत्र भारतातील तंबाखू नियंत्रणाच्या कायद्यांचा आरंभ सिगारेटपासून झाला. १९७५ च्या अधिनियमाने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा बंधनकारक केला. परंतु विडी, खैनी व गुटखा त्याच्या कक्षेबाहेर राहिले. कष्टकरी व ग्रामीण युवकांच्या हाती प्रामुख्याने हीच स्वस्त उत्पादने होती. आरोग्यविषमतेचे एक मूळ येथे आढळते.

कायद्याचा विस्तार : २००३ च्या अधिनियमाने सर्व तंबाखू उत्पादने कक्षेत आणली. १८ वर्षांखालील व्यक्तींना, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री निषिद्ध ठरली. तथापि, शाळा सोडून वीटभट्टीवर वा ऊसतोडीला गेलेल्या मुलास शाळेभोवतीच्या या संरक्षणाचा लाभ नव्हता. सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती तर इशारा छापलेले वेष्टनही येत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव : महाराष्ट्राने ऑगस्ट २००२ मध्ये पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली, मात्र राज्यास असा अधिकार नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. अन्नपदार्थांत तंबाखू मिसळण्यास मनाई करणाऱ्या २०११ च्या केंद्रीय नियमांच्या आधारे जुलै २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली. त्यानंतर पानमसाला व तंबाखू स्वतंत्र पुड्यांतून विकले जाऊ लागले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवरही बंदी घातली.

फलित : जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते २४ वयोगटातील तंबाखूसेवन २००९-१० मधील १८.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये १२.४ टक्क्यांवर आले. ही घट निश्चितच लक्षणीय आहे. परंतु त्याच दुसऱ्या फेरीत प्रौढांमध्ये सिगारेट ओढणारे ४.० टक्के, तर विडी ओढणारे ७.७ टक्के होते. असे असूनही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना भरपाई उपकर सिगारेटवर बसला, विडीवर नाही. किंमतवाढीने व्यसनापासून परावृत्त होण्याची शक्यता अल्प उत्पन्न गटात अधिक असते; नेमके त्याच गटाचे उत्पादन स्वस्त राहिले. शिवाय १३ ते १५ वयोगटाचे युवक सर्वेक्षण शाळांतूनच होत असल्याने शाळाबाह्य मुले त्या आकडेवारीतही दिसत नाहीत.

निष्कर्ष : सरासरी घटली म्हणजे विषमता घटली, असा निष्कर्ष काढता येत नाही. विडीवरील करसवलतीमागे विडी कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न आहे, हे खरे. परंतु त्याचे मूल्य गरीब युवकांच्या आरोग्याने चुकवावे, हे न्याय्य नव्हे. पर्यायी रोजगार, समान करनीती आणि शाळाबाह्य मुलांपर्यंत पोहोचणारी अंमलबजावणी यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.