स्लिपर क्लच (रेडिओ नियंत्रित कार)

स्लिपर क्लच हा रेडिओ नियंत्रित खेळण्यातील व शर्यतीच्या कारमधील एक घर्षणावर चालणारा भाग आहे. मोटरकडून चाकांकडे जाणारा टॉर्क ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा क्लच क्षणभर घसरतो आणि पुढील गिअर, डिफरन्शियल व ड्राइव्हशाफ्ट यांच्यावरील आघात सौम्य करतो. ओबडधोबड जमिनीवर धावणाऱ्या, १:१० प्रमाणाच्या बग्गी आणि ट्रकमध्ये तो प्रामुख्याने आढळतो. १:८ प्रमाणाच्या बहुतेक बग्गींमध्ये त्याऐवजी मध्यभागी डिफरन्शियल असते.

मोटारसायकलमधील स्लिपर क्लच नावाने सारखा असला तरी त्याचे काम निराळे आहे. गिअर उतरवताना मागील चाक इंजिनाला फिरवू लागते, तेव्हा तो सैल होतो. इंधनावर चालणाऱ्या छोट्या कारमधील केंद्रोत्सारी क्लच हाही वेगळा भाग होय. तो इंजिनाचा वेग वाढल्यावर चाकांना गती जोडून देतो.

रचना

गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर दोन धातूच्या चकत्या असतात. त्यांच्या मधोमध, घर्षणपट्ट्यांसह, स्पर गिअर बसवलेला असतो. मोटरचा पिनियन या स्पर गिअरला फिरवतो. मात्र तो शाफ्टला पक्का जोडलेला नसतो. केवळ दाबामुळे त्याची गती चकत्यांना आणि त्यांच्याद्वारे शाफ्टला मिळते. हा दाब शाफ्टच्या टोकावरील स्प्रिंग देते आणि स्प्रिंग किती दाबायची हे नायलॉनचे अस्तर असलेल्या नटाने ठरते. नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास क्लच घट्ट होतो, उलट फिरवल्यास सैल होतो. सर्व समायोजन या एका नटावर अवलंबून असते.

समायोजनाचे महत्त्व

उडीनंतर कार जमिनीवर येते त्या वेळी थ्रॉटल दिलेलाच असेल, तर हवेत वेगाने फिरणारी चाके जमिनीला टेकताच एकदम मंदावतात. मोटर मात्र त्याच जोराने फिरत राहते. क्लच अतिघट्ट असल्यास हा सारा आघात दातांवर येतो. स्पर गिअरचे प्लास्टिकचे दात सोलले जाणे किंवा ड्राइव्हशाफ्ट मोडणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी यांच्या जोडीने टॉर्क पुष्कळ वाढतो, त्यामुळे अशा कारमध्ये ही काळजी अधिक घ्यावी लागते.

उलट क्लच फार सैल राहिल्यास मोटर ओरडते, कार मात्र जागची हलत नाही. सतत घसरण्याने उष्णता निर्माण होते, घर्षणपट्ट्या काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि स्पर गिअरचा मधला भाग वितळू लागतो. नवशिके बहुधा घट्ट क्लचला घाबरतात. सैल क्लचही तितक्याच लवकर नुकसान करतो.

समायोजनाची पद्धत

बॅटरी काढून, गिअरवरील आवरण उघडून कामास सुरुवात करतात. फिरत्या गिअरमध्ये बोट सापडल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हा क्रम चुकवू नये. अनेक कारसाठी प्रचलित असलेली सुरुवात अशी : स्प्रिंग जवळजवळ पूर्ण दबेपर्यंत नट आवळावा आणि मग अर्धा ते एक फेरा सोडावा. नेमका आकडा त्या त्या कारच्या पुस्तिकेत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. यानंतर मागील दोन्ही चाके घट्ट धरून स्पर गिअर अंगठ्याने फिरवून पाहावा. तो जोर लावल्यावरच हलला पाहिजे.

खरी परीक्षा जमिनीवर होते. आवरण पुन्हा बसवून कार चांगली पकड असलेल्या पृष्ठभागावर ठेवावी आणि एकदम पूर्ण थ्रॉटल द्यावा. सुरुवातीच्या सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत घसरण्याचा बारीक, चिरका आवाज येऊन तो थांबला, तर समायोजन योग्य समजतात. आवाज लांबत गेल्यास नट एक-अष्टमांश फेरा आवळून पुन्हा पाहावे.

बॉल डिफरन्शियल असलेल्या कारमध्ये आणखी एक पथ्य आहे : डिफरन्शियलच्या आधी क्लच घसरला पाहिजे. अन्यथा डिफरन्शियलमधील बारीक गोळ्या व चकत्या झिजतात. स्पर गिअर आणि एक मागील चाक धरून दुसरे चाक जोराने फिरवल्यास यांपैकी काय घसरते ते कळते.

मैदानानुसार बदल

सुट्या मातीवर क्लच किंचित सैल ठेवल्यास चाके जागीच भिरभिरण्याचे प्रमाण घटते. गालिचा किंवा घट्ट चिकणमातीच्या मैदानावर तो अधिक घट्ट ठेवतात. मर्यादित शक्तीच्या १७.५ टर्न मोटरच्या शर्यतींत, भरपूर पकड असल्यास, काही स्पर्धक क्लच काढून स्पर गिअर थेट जोडतात.

देखभाल

नव्या घर्षणपट्ट्या पहिल्या काही फेऱ्यांत बसतात, त्यामुळे त्यानंतर नट पुन्हा तपासणे आवश्यक असते. गुळगुळीत झालेल्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासता येतात. तेल लागलेल्या पट्ट्या स्वच्छ करूनही घसरत असल्यास बदलाव्यात. वारंवार काढघाल केल्याने नटातील नायलॉनची पकड जाते आणि धावत असताना नट आपोआप सुटू लागतो; असा नट पुन्हा वापरू नये.